आई आणि टाचणीसाठी एकच लेन्स

सत्यशीला ओव्हाळ यांना लेन्स एकच हवी होती. सदाशिव पेठेत कॅमेऱ्याचे साहित्य विकणारे आणि भाड्यानेही देणारे करंदीकर यांना त्यांनी हे पहिल्याच भेटीत सांगितले, आणि करंदीकरांनी ते पहिल्याच भेटीत अमान्य केले. मागणी वरवर पाहता साधी होती. धानोरीकडच्या टेकडीखाली पाण्याच्या कडेने वाढणाऱ्या गवतात टाचण्या बसतात. टाचणी म्हणजे चतुराच्या कुळातला, पण त्याहून पुष्कळ सडपातळ, दोऱ्यासारख्या अंगाचा कीटक. त्याच्या डोळ्यांवरची नक्षी दिसेल इतक्या जवळून त्याची छायाचित्रे घ्यायची होती. शिवाय घरी आईचे, सुंदराबाईंचे, एक चांगले व्यक्तिचित्र काढायचे होते. पहिल्या कामाला मॅक्रो लेन्स लागते, दुसऱ्याला पोर्ट्रेटची. आणि दोन्ही कामे निभावणारी एक लेन्स असू शकते, असे सत्यशीलाबाईंनी वाचले होते.

“वाचलं असेल,” करंदीकर म्हणाले. “लिहिणारे लिहितात. एका लेन्सकडून दोन कामं करून घ्यायची, तर दोघांपैकी एकाचा थोडा अपमान होणार, एवढं धरून चला.”

मग त्यांनी आपले म्हणणे नीट उलगडून सांगितले. पोर्ट्रेटच्या नेहमीच्या लेन्सला जवळचे दिसत नाही. कीटकापाशी नेली की ती सगळे धूसर करते. तिच्यामागे पोकळ कड्या बसवून तिला जवळचे दाखवता येते, पण मग तिला लांबचे दिसेनासे होते, आणि माणसाला त्या कड्या काढत-घालत धुळीत बसावे लागते. मॅक्रो लेन्स मात्र जवळचे पाहते तसे लांबचेही पाहते. तिचा दोष असलाच तर एवढाच की ती कुणाची भीड ठेवत नाही. चेहऱ्यावरची प्रत्येक रेघ ती टिपते, म्हणून लग्नाचे फोटो काढणारे तिला चेहऱ्यासमोर आणत नाहीत. घरात लग्न कुणाचेच नाही, असे सत्यशीलाबाईंनी सांगितल्यावर करंदीकरांनी काउंटरवर दोन मॅक्रो लेन्स ठेवल्या: एक साठ मिलिमीटरची, आखूड, दुसरी शंभरची, लांब.

“माणसं की किडे?” त्यांनी विचारले.

“दोन्ही म्हणाले ना.”

“मग आधी हे ठरवा, की दोघांपैकी पळून कोण जातं. जो पळतो त्याच्यासाठी लेन्स घ्यायची असते. जो बसून राहतो त्याचं कशानंही भागतं.”

सत्यशीलाबाईंना हा युक्तिवाद निर्दोष वाटला. टाचणी पळते आणि आई बसून राहते. तेव्हा जी लेन्स कीटकापासून जास्त अंतरावर राहू देते ती, म्हणजे शंभरची, घ्यावी हे उघड होते. तरीही विकत घेण्यापूर्वी दोन्ही लेन्स आळीपाळीने आठवडाभर भाड्याने नेऊन पाहाव्यात, असे त्यांनी ठरवले. करंदीकरांनी मान हलवली आणि तपासून परत आणा, तपासूनच परत घेईन, एवढेच म्हटले.

सत्यशीलाबाई पाटबंधारे खात्यात आरेखक होत्या. कालव्यांचे आणि सांडव्यांचे नकाशे काढण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली, आणि त्यात त्यांनी कधी दुःख मानले नाही. रेघ जिथे पडायला हवी तिथेच पडली की त्यांना होणारा आनंद त्यांच्या सहकाऱ्यांना थोडा विनोदी वाटे. लग्न त्यांनी केले नाही. निवृत्तीनंतर विश्रांतवाडीच्या घरात त्या आणि आई अशा दोघीच राहतात. टेकडीवर फिरायला जाता जाता गवताकडे वाकून पाहण्याची सवय लागली आणि त्या सवयीतून कॅमेरा आला. पहिल्या लेन्सच्या काचेत दोन पावसाळ्यांतच बुरशीचे तंतू पसरले. नवी घेताना मात्र एकच घ्यायची, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यामागे खांदेदुखीइतकाच स्वभावही होता. ज्या पिशवीत दोन लेन्स असतात त्या पिशवीतली हवी ती नेहमी घरी राहते, असे त्या म्हणत.

व्यक्तिचित्राची निकड मात्र त्यांची नव्हती, सुंदराबाईंची होती. वडील, रंगराव, खडकीच्या कारखान्यात होते. ते गेले तेव्हा घरात त्यांचा असा एकही फोटो निघाला नाही. कारखान्याच्या ओळखपत्रावरच्या नखाएवढ्या चेहऱ्यावरून एका स्टुडिओवाल्याने मोठी तसबीर तयार करून दिली, आणि रीतीप्रमाणे त्यांना कोट आणि टाय चढवला. चेहरा मोठा करताना विरघळलेले नाकडोळे त्याने आपल्या अंदाजाने पुन्हा रेखले. बाहेरच्या खोलीत बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरींच्या खालच्या ओळीत तो फोटो लागला आणि सुंदराबाईंनी त्याला रोज पुसलेही, पण तो आपल्या नवऱ्याचा आहे हे त्यांनी कधी कबूल केले नाही. कोटातले साहेब, असेच त्या म्हणत.

तेव्हा आपले तसे होऊ नये, ही त्यांची मागणी होती. गेल्या हिवाळ्यात छातीत कफ साठून त्या रुग्णालयात राहून आल्या, आणि घरी येताच लेकीला म्हणाल्या की माझा फोटो मी हाय तवर काढ, आणि मी पसंत केल्याबिगर भिंतीला लावू नको. अट आणखी एक होती. फोटोत हात दिसले पाहिजेत. सरकारी रुग्णालयाच्या बाळंतपणाच्या वॉर्डात त्यांनी आया म्हणून सारी नोकरी केली होती. किती लेकरे आधी या हातांत आली आणि मग आपापल्या आईकडे गेली, याचा हिशेब त्यांनी ठेवला नव्हता. पण हात नसलेला फोटो त्यांना अर्धा वाटणार होता.

आजवर असा फोटो निघाला नव्हता. स्टुडिओत त्या लाकडासारख्या बसत. मोबाइल समोर धरला की काहीतरी काम काढून उठत. हे म्हातारपणचे अवघडलेपण आहे, चांगल्या लेन्सने आणि थोड्या धीराने ते सुटेल, असे सत्यशीलाबाईंना वाटत होते. सुटले नाही तर कोटातल्या साहेबांच्या शेजारी एक अनोळखी बाई येऊन बसेल आणि मग तिला नाकारायला आई नसेल, ही भीती त्यांनी कुणाला बोलून दाखवली नव्हती.

शंभरची लेन्स घरी आली त्या दिवशी त्यांनी ट्रेसिंग पेपरवर बाहेरच्या खोलीचा नकाशा काढला. खिडकी पूर्वेला, तिच्याजवळ आईची वेताची खुर्ची, खुर्चीच्या समोर, उत्तरेकडच्या भिंतीत दार. त्यांच्या कॅमेऱ्यातला सेन्सर लहान असल्यामुळे कुठलीही लेन्स तिच्यावर लिहिलेल्या आकड्याहून लांबची असल्यासारखी वागते. हा हिशेब धरून त्यांनी दृष्टीचा कोन आखला. गुडघ्यापर्यंतच्या सुंदराबाई हातांसह चौकटीत मावायच्या, तर कॅमेरा खोलीत राहत नव्हता. तो दारातून बाहेर, जिन्यासमोरच्या मोकळ्या जागेत जात होता. यात अडचण काही नव्हती. दार सरळ समोर होते आणि सकाळचा उजेड बाजूने येत होता. नकाशात दार म्हणजे भिंतीत सोडलेली जागा असते, आणि तिच्यातून पाहता येते.

टेकडीवर शंभरची लेन्स अपेक्षेप्रमाणेच वागली. वीतभर अंतर राखून बसले की टाचणीला आपण दिसत असूनही नसल्यासारखे होतो. तिच्या पंखांवरची जाळी, पोटाच्या टोकाचा निळा ठिपका, हे सगळे इतके निवांत टिपता आले की सत्यशीलाबाईंनी मनातल्या मनात निर्णय जवळजवळ करून टाकला.

घरी मात्र विचित्र घडू लागले. सुंदराबाई इस्त्रीचे लुगडे नेसून, केस विंचरून, हात मांडीवर ठेवून खुर्चीत बसल्या. सत्यशीलाबाई बाहेर जिन्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या, कॅमेरा डोळ्याला लावला, आणि सुंदराबाई उठल्या. काय हवे म्हणून विचारले तर काही नाही म्हणाल्या आणि परत बसल्या. पुन्हा कॅमेरा वर गेला तेव्हा त्यांनी मान बाजूला वळवली. तिसऱ्या खेपेला त्या उठून थेट दारापर्यंत आल्या आणि लेकीला म्हणाल्या की चहा टाकते, आत ये.

दुसऱ्या दिवशी खुर्चीत उशी ठेवली. तिसऱ्या दिवशी गुडघ्यांना तेल चोळून झाल्यावर बसवले. त्यानंतर उजेडाची तिरीप डोळ्यांत जात असेल म्हणून खिडकीला पातळ पडदा लावला. प्रत्येक वेळी सुंदराबाई मनापासून बसत आणि लेक दाराबाहेर जाऊन उभी राहिली की त्यांच्यात चुळबुळ सुरू होई. जे फोटो आले त्यांत एक खजील झालेली म्हातारी होती. सत्यशीलाबाईंनी ते आईला दाखवलेच नाहीत.

आठवड्याच्या शेवटी त्यांचा धीर सुटला. आई चौथ्यांदा दारापर्यंत आली तेव्हा त्या म्हणाल्या, “आई, तू बसत का नाहीस? जरा वेळ बसायचं, एवढंच तर आहे.”

“तू आत ये, मंग बसते.”

“आत आले की तू मावत नाहीस. हात कापले जातात. तूच म्हणालीस हात पाहिजेत म्हणून.”

सुंदराबाईंनी दाराच्या चौकटीला हात टेकला. मग म्हणाल्या, “मी आत खुर्चीत बसायचं आन् तू दाराभाईर उभं ऱ्हायचं. तसं मला बसता येत न्हाई, सत्या.”

इथे ओव्हाळांच्या घरचा एक नियम सांगायला हवा. त्या घरात दारातून कुणाशी बोलले जात नाही. गॅसचे सिलिंडर आणणारा असो, पार्सल देणारा असो की वर्गणी मागणारा, त्याला आत घ्यायचे, टेकायला सांगायचे, पाणी द्यायचे आणि मग काय ते काम बोलायचे. घाईत असलेली माणसे कुरकुरतात आणि तरी बसतात. सत्यशीलाबाई या नियमातच वाढल्यामुळे त्यांनी त्याला आईचे आतिथ्य मानले होते, आणि आतिथ्याला कारण विचारण्याची गरज त्यांना कधी भासली नव्हती.

कारण त्या दिवशी, चहा पिताना, सुंदराबाईंनी आपणहून सांगितले. त्यात तक्रार नव्हती, की आवाज चढलेला नव्हता. शिरूरकडच्या त्यांच्या गावी, वडिलांनी धम्मदीक्षा घेण्याच्या आधी, त्या लहान असताना आईबरोबर एका मोठ्या घरी जात. आई पायरीखाली उभी राही. घरातली बाई आत पाटावर बसलेली असे आणि तिथूनच बोले; कधी प्रेमानेही बोले, तब्येत विचारी. उन्हाचे चटके आपल्याला आठवत नाहीत, असे सुंदराबाई म्हणाल्या. आठवते ते त्या बाईचे बसणे. समोर एक माणूस दाराबाहेर उभे आहे आणि आपण बसलो आहोत, याचे तिला काहीच वाटत नसे. पुढे दीक्षा झाली, लग्न झाले, पुण्यात घर झाले, तेव्हा त्यांनी एवढेच ठरवले की आपण तसे बसायचे नाही.

“आन् आता तू मला तिच्यावानी बसवाया लागलीस,” त्या म्हणाल्या, आणि हसल्या. “बशी दे हिकडं, चहा निवला.”

सत्यशीलाबाईंनी दुसऱ्या दिवशी शंभरची लेन्स परत नेली. करंदीकरांनी ती उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली आणि टाचण्या कशा आल्या ते विचारले.

“उत्तम आल्या. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर चुकलं होतं,” सत्यशीलाबाई म्हणाल्या. “आई पळते.”

करंदीकर हसले नाहीत. काय झाले ते त्यांनी विचारले आणि सत्यशीलाबाईंनी दोन वाक्यांत सांगितले. ते ऐकून घेताना त्यांच्या लक्षात आले असावे की आपण बसलो आहोत आणि गिऱ्हाईक काउंटरपलीकडे उभे आहे, कारण त्यांनी मागचे स्टूल पुढे सरकवून दिले. मग साठची लेन्स काढून दिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, “हिच्यानं आई आत मावेल. टाचणीची समजूत आपली आपण काढा.”

साठच्या लेन्सने सत्यशीलाबाई खोलीत राहू शकल्या. दाराशेजारच्या भिंतीला पाठ लावून त्या जमिनीवर बसल्या, कॅमेरा पाण्याच्या तांब्याएवढ्या उंचीच्या एका चौरंगावर टेकवला, आणि दार लोटून घेतले. सुंदराबाई आपल्या खुर्चीत लसूण सोलत होत्या. बोलणे मधे तुटले नाही. वॉर्डातल्या जुन्या सोबतिणी, यंदाचा लसूण, शेजारची प्रेमला नव्या सुनेला किती लाडावते आहे, असे काहीही निघत गेले. लेकीने मधूनमधून बटण दाबले, आणि सुंदराबाईंनी त्याकडे लक्ष दिले नाही, कारण त्यांचे लक्ष बोलण्यात होते. त्या एकदाही उठल्या नाहीत.

फोटो छापून आणले तेव्हा सत्यशीलाबाईंना खरी धास्ती होती ती लेन्सच्या निर्भीडपणाची. प्रत्येक सुरकुती, गालावरचा तीळ, ओठाच्या कडेची बारीक लव, सगळे आले होते. संगणकावर त्यांनी एक प्रत थोडी मऊ करून ठेवली होती; तीही इतर फोटोंबरोबर मांडली. सुंदराबाईंनी चष्मा पुसला, सगळे फोटो पलंगावर पसरले आणि मऊ केलेला पहिल्यांदा बाजूला काढला. ही आजारातून उठलेली दिसते, म्हणाल्या. मग पुष्कळ वेळ पाहून त्यांनी एक उचलला. त्यात तोंड किंचित उघडे होते, डावा हात लसणाच्या पाकळीवर स्थिर होता आणि उजवा कुणाला तरी काही समजावत हवेत उठल्यामुळे कडेला हलला होता.

सत्यशीलाबाईंमधला आरेखक जागा झाला. हात हलला आहे, तोंड उघडे आहे, याहून नीट आलेले पुष्कळ आहेत, असे त्यांनी नम्रपणे सुचवले.

“हात हालतुयाच माझा,” सुंदराबाई म्हणाल्या. “हाच लाव.”

आता उरली टाचणी. साठच्या लेन्सने तिला पूर्ण आकारात टिपायचे तर चार-पाच बोटांवर जावे लागते, आणि इतके जवळ कुणी आलेले टाचणीला खपत नाही. भाड्याच्या आठवड्यातले बरेच दिवस सत्यशीलाबाई रिकाम्या गवताचे फोटो घेऊन परतल्या. लेन्स बदलणे शक्य नव्हते, कारण पसंतीचा एक फोटो तिने घरी दिला होता, आणि अजून कितीतरी माणसांचे फोटो आपल्याला आत बसूनच काढायचे आहेत, हे त्यांना आता ठाऊक झाले होते. म्हणून त्यांनी वेळ बदलली. रात्रीच्या गारव्याने आखडलेल्या, पंखांवर दव धरून बसलेल्या टाचण्यांना ऊन लागेपर्यंत उडता येत नाही. सूर्य वर येण्याआधी टेकडीखाली पोहोचणारा माणूस त्यांच्या किती जवळ बसला आहे, याची त्यांना फिकीर करता येत नाही. नोकरीभर लवकर उठण्याला कंटाळलेल्या आणि निवृत्तीनंतर अंथरुणात चहा पिण्याची चैन लावून घेतलेल्या सत्यशीलाबाईंना ही तडजोड सोपी नव्हती. पण ओल्या गवतात पोटावर पडून पहिल्यांदा तो डोळा काचेत भरला, दवाच्या थेंबासकट, तेव्हा चहाची आठवण झाली नाही. काही लाजाळू जाती अशा पहाटेही सापडत नाहीत, त्या सापडणार नाहीत हे त्यांनी मान्य केले. त्या जातींची नावे त्यांना माहीत आहेत आणि तेवढे पुरते, असे त्या सांगतात.

साठची लेन्स त्यांनी विकत घेतली. करंदीकरांनी खोके बांधून देताना, शंभरचीच चांगली आहे हे आपले मत कायम आहे, असे बजावले. सत्यशीलाबाईंनी ते स्टुलावर बसून ऐकून घेतले.

फोटोची चौकट तयार होऊन आली तेव्हा ती कपाटात वर, कापडात गुंडाळून ठेवावी, असे सत्यशीलाबाईंच्या मनात होते. जिवंत माणसाचा एकट्याचा फोटो त्या ओळीत कुणी लावत नाही. सुंदराबाईंना हे पटेना. एवढा मनासारखा फोटो आपल्याला नंतर बघायला कोण घेऊन येणार आहे, असा त्यांचा सवाल होता. खिळा त्याच दिवशी ठोकला गेला.

त्याचा पहिला धक्का प्रेमलाला बसला. ती खालच्या मजल्यावरून दहीवड्यांचा डबा घेऊन आली, दार उघडेच होते म्हणून आत शिरली, आणि भिंतीकडे नजर जाताच तिथेच थांबली. सुंदराबाई कालच तर जिन्यात भेटल्या होत्या. तिने डबा खाली ठेवला, पदर तोंडाला लावला आणि हलक्या आवाजात सत्यशीलाबाईंना हाक मारली. स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या घेऊन सुंदराबाईच बाहेर आल्या.

“जयभीम, ये,” त्या म्हणाल्या. “उभी का? बस.”

प्रेमला बसली. पाणी प्यायली. मग तिने एकदा भिंतीकडे आणि एकदा सुंदराबाईंकडे पाहिले, आणि जरा रागानेच म्हणाली, “आत्या, माझा जीव गेला असता. जित्या माणसाचा फोटो असा लावतात का?”

“मंग कवा लावायचा? तवा मी म्हणंन का, की हात चांगला आलाय?”

यावर प्रेमलाला हसू आवरले नाही. ती उठून फोटोजवळ गेली, हाताकडे पाहिले, चेहऱ्याकडे पाहिले, आणि म्हणाली की आत्या, तुम्ही यात काहीतरी सांगताय, पण ऐकू येत नाही.

“तुझंच चाललं हुतं,” सुंदराबाई म्हणाल्या. “सुनंला फार लाडावतीस म्हणून सांगत हुते. बस, आता नीट सांगते.”